इलाज आहे

नाही नाही, मान हलवू नका सर, हनुवटी जरा वर — हां, अशी. जड वाटते ना ही फ्रेम? सगळ्यांनाच वाटते, पण तपासायची आहे ती, मिरवायची नाही. डावा डोळा मी झाकलाय, उजव्यानं खालून तिसरी ओळ वाचा बरं. छान. आता भिंग बदलतो, नीट बघा — हे स्पष्ट, की हे? घाई नाही. पुन्हा दाखवतो. हे — की हे? सारखंच वाटतं? सारखं नसतं हो सर, बारीकसा फरक असतो, सगळे मला 'सारखंच आहे' म्हणून सांगतात आणि चष्मा तयार झाला की आठवड्यानं डोकं दुखतं म्हणून भांडायला येतात, आणि मग या भिंगकाकांनी नंबर चुकीचा काढला म्हणून गावभर बोंब. तुम्ही तसे नाही, तुम्ही आपले जुने. बरं, फरकावरून आठवलं — तुम्ही कॉलेजात इंग्रजी शिकवता म्हणून विचारतो, सहज हं, अगदी सहज — ट्रीटेबल आणि क्युरेबल, यात फरक काय?

नाही, कुठं काय, काहीच झालं नाही. परवा एक गिऱ्हाईक विचारत होतं. म्हटलं आपले सर यायचेच आहेत, त्यांना विचारून ठेवू. अर्थ तसे जवळचे आहेत म्हणता? जवळचे. हं. म्हणजे एकाच्या जागी दुसरा चालतो ना? बोलण्याच्या ओघात? फार काही चूक नाही धरणार कुणी? मी फोनवर बघितलं होतं, तिथं दोन्हींपुढे तेच लिहिलेलं, 'बरा होण्याजोगा', एकाच्यापुढे आधी आणि दुसऱ्याच्यापुढे शेवटी. शेवटी का होईना, होतं ना? मग झालं तर! — असं मी त्या गिऱ्हाइकाला — जाऊ दे हो. गिऱ्हाईक कसलं आणि काय कसलं. आमच्या हिच्याबद्दल विचारतोय. फ्रेम काढू नका, राहू दे डोळ्यांवर, तुम्हाला माझं तोंड धूसर दिसतंय तेच बरं आहे.

तुम्हाला कळलंच असेल म्हणा, ती काउंटरवर दिसत नाही ते. पोटात निघालंय काहीतरी. नाव घेत नाही आम्ही त्याचं, घरात 'ते' म्हणतो, 'ते दुखतंय का', 'आज ते कसं आहे', एखाद्या न आवडत्या पाहुण्याबद्दल बोलावं तसं. तर हॉस्पिटलात मोठ्या डॉक्टरीणबाई आहेत, हुशार, वयानं आमच्या पुतणीएवढ्या, पण आपली भाषा त्यांना एक अक्षर येत नाही. आणि आमच्या हिला इंग्रजी येत नाही. राहिलो कोण? मी. माझं इंग्रजी तुम्हाला माहितीये, ही चेष्टा करते, 'तुमचं इंग्रजी दुकानाच्या पाटीपुरतं' म्हणते, पण त्या दिवशी पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसली होती आणि डॉक्टरांकडे नाही, माझ्याकडे बघत होती. ओठांकडे बघत होती माझ्या. आणि मी काय बघत होतो माहितीये? डॉक्टरीणबाईंच्या चष्म्याची उजवी काडी वाकलेली. सारखा नाकावर तिरका होत होता. मनात म्हटलं, गरम करून दोन मिनिटांत सरळ करून देतो बाई, काढा इकडे. माणसाचं डोकं कुठं पळतं बघा, समोर बायकोचा रिपोर्ट उघडलाय आणि मी काडी बघतोय.

तर त्या म्हणाल्या, 'इट इज ट्रीटेबल.' ही लगेच — 'काय म्हणाल्या?' मी म्हटलं, 'इलाज आहे म्हणाल्या.' आता तुम्ही सांगा सर, तुम्ही शिकलेले आहात, यात माझं काय चुकलं? ट्रीटमेंट म्हणजे काय? इलाज. ट्रीटेबल म्हणजे? इलाज होण्यासारखं. शब्दाला शब्द ठेवला मी, काना नाही, मात्रा नाही, काही इकडचं तिकडे नाही! बरोबर आहे ना? — बघा, तुम्हीच म्हणालात बरोबर आहे! तुम्ही म्हणालात, मी नाही! मग तरी मला झोप का लागत नाही?

कारण आपण 'इलाज आहे' म्हणतो तेव्हा ऐकणारा काय ऐकतो? सुटलो, असं ऐकतो. इलाज आहे म्हणजे संपलं, आता फक्त हॉस्पिटलच्या चकरा आणि नंतर सगळं पहिल्यासारखं. तिनं तेच ऐकलं. माझा हात धरला तिनं, डॉक्टरांसमोर. लग्नाला इतकी वर्षं झाली, चारचौघांत कधी माझ्या शेजारी नीट बसली नाही ही बाई, लोक काय म्हणतील म्हणून, आणि तिथं हात धरला आणि सोडीचना. डॉक्टरीणबाईंना वाटलं, वा, किती धीरानं घेतलं. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, डझ शी अंडरस्टँड? मी म्हटलं, यस यस. प्रत्येक वेळी विचारतात त्या, आणि प्रत्येक वेळी मी म्हणतो, यस यस. एवढं मात्र माझं इंग्रजी पक्कं आहे.

चला, दुसरा डोळा करू. आता उजवा झाकला. हे स्पष्ट — की हे? पहिलं? नक्की? थोडा वाढलाय सर नंबर, घाबरण्यासारखं काही नाही, वयाप्रमाणे आहे. काय? हा नंबर जाईल का म्हणता? नाही हो, जात कसा असेल, चष्म्यानं नंबर जात नसतो. चष्मा घातला की दिसतं, काढला की पुन्हा धूसर, जन्मभर नाकावर वागवायचा, मध्येमध्ये बदलायचा, आणि कधीतरी असं होतं की कितीही बदला, भिंगच पुरं —

असं बघू नका. कळतंय मला. हो, फरक कळतो. तुम्हाला विचारायची गरज नव्हती, चष्म्याचं दुकान घालून बसलोय मी, रोज दहा जणांना हेच सांगतो आणि कुणाचं काही वाईट वाटत नाही मला. तुमच्या तोंडून ऐकायचं होतं की फरक नाही. एक शिकलेला माणूस म्हणाला असता, अहो काका, एकच की ते दोन्ही, तर मी आजचा दिवस ढकलला असता.

त्या दिवशी मी विचारलं होतं त्यांना. हे कुणाला सांगितलं नाही अजून. 'सो, क्युरेबल?' असं. हसत विचारलं, दुकानात कुणी भाव करतं तसं, जरा सरका की इकडे, काय होतंय. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला, डोळे चोळले, आणि हळू, एकेक अक्षर सुटं करून म्हणाल्या — ट्रीटेबल. आणि माझ्याकडे बघत राहिल्या, कळलं का म्हणून. कळलं की. न कळायला काय झालं? पहिलीतल्या पोराला कळलं असतं. आणि इकडून ही — 'पुन्हा काय म्हणाल्या हो?' मी म्हटलं, 'तेच. इलाज आहे. दोनदा म्हणाल्या.' तर म्हणते कशी, 'दोनदा म्हणाल्या? मग नक्कीच!'

काय करणार होतो मी? तुम्ही काय केलं असतं? तिचा हात माझ्या हातात, तोंडावर ते हसू — माझा नाइलाज झाला सर. बघा, हसू येतं की नाही? तिचा इलाज आणि माझा नाइलाज. तुमच्या इंग्रजीत आहे का असं काही?

आणि एवढ्यावर थांबलं असतं तरी निभावलं असतं. पण पुढे गोळ्यांचं निघालं. किती दिवस घ्यायच्या, मी विचारलं. त्या म्हणाल्या, 'ॲज लाँग ॲज इट वर्क्स.' सोपं वाक्य आहे, नाही? आता हे कसं सांगायचं तिला? जोवर लागू पडताहेत तोवर घ्यायच्या. म्हणजे एक दिवस लागू पडायच्या थांबणार. आणि तोंडातून काय आलं? 'गुण येईपर्यंत घ्यायच्या म्हणाल्या.' गुण येईपर्यंत! उलटं केलं हो मी, सरळ सरळ उलटं! आणि ऐकायला किती सारखं वाटतं. ती म्हणाली, 'एवढंच ना? घेईन की.' आणि मीच पुढे जोडलं, कुणी विचारलं नव्हतं तरी — कोर्स असतो, म्हटलं. थंडी सरेल तोवर कोर्स संपेल.

घेतल्या तिनं. कशा घेतल्या ते मी बघितलंय. तोंड आलेलं, पाण्याचा घोट घ्यायचा तरी डोळ्यांत पाणी. मीठ कळत नाही, साखर कळत नाही, स्वयंपाक करते आणि मला विचारते, 'जमलंय का हो?' — आमच्या घरात उलट चालायचं, मी विचारायचो आणि ती म्हणायची गप जेवा. तळव्यांची साल निघते, घरातल्या घरात भिंत धरून चालते. आणि बोटं. तुम्हाला आठवतंय, फ्रेमचे बारीक स्क्रू तीच बसवायची, माझ्या हातून पडायचे, तिच्या हातून कधी नाही, लहान पोरं तर तिच्याशिवाय कुणाला कानाला हात लावू द्यायची नाहीत. आता बोटांना संवेदनाच नाही म्हणते, स्क्रू चिमटीत आहे की खाली पडला हे बघितल्याशिवाय कळत नाही. पण कुरकुर नाही. 'संपतंच आलंय आता,' म्हणायची. 'संपलं की बोटं येतील परत, मग बसते तुमच्या उरावर काउंटरला.' एकदा फार झालं तेव्हा रडली, रात्रभर उलट्या काढल्या होत्या, मी म्हटलं आज नको घेऊस हवं तर — तर माझ्यावरच ओरडली, 'आता काठावर येऊन सोडू?' काठ! कसला काठ, बाई. मीच रंगवून ठेवला होता तो काठ.

आणि आता गुण आलाय. हीच तर गंमत आहे. गोळ्या लागू पडल्यात. रिपोर्ट चांगला आला, ते आकसलंय, भूक लागते तिला, परवा गाणं गुणगुणली. 'मला बरं वाटतंय' म्हणायची रोज, मी म्हणायचो वा वा. आणि आज सकाळी शेवटची गोळी गिळली, ग्लास खाली ठेवला आणि म्हणाली, 'मी बरी झाले.' वाटतंय नाही म्हणाली — झाले म्हणाली. आपल्याकडेही आहेत की हो असे दोन शब्द. मी बूट घालत होतो. तिला म्हणायला हवं होतं, थांब. पुढची पाकिटं घेऊन ठेवलीत मी, इथं, या गल्ल्याखाली आहेत, भिंगांच्या डब्यामागे. उद्या सकाळी पुन्हा सुरू करायच्यात. परवाही. त्याच्या पुढेही. नाही घेतल्या तर ते परत वाढणार, डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलंय, खंड पडता कामा नये, एकदा हातातून सुटलं तर मग काही — आणि मी काय म्हणालो तिला? 'दुकानात ये दुपारी,' म्हणालो. 'तुझी खुर्ची पुसून ठेवतो.'

पुसलीये. ती बघा.

सर, एक काम कराल? पाया पडतो तुमच्या — नाही, खरंच, मला लाज नाही वाटत आता. ती येईलच एवढ्यात. तुम्ही सांगा तिला. तुमच्यावर विश्वास आहे तिचा, तुम्ही इंग्रजीचे सर, तुम्ही म्हणालात की काकू, या शब्दाचा अर्थ जरा वेगळा होतो, काकांची समजून घेण्यात गफलत झाली — तर ती माझ्यावर चिडेल, माझ्या इंग्रजीला हसेल, हसू दे. गाढव आहेत म्हणेल. म्हणू दे. चुकून झालं असं तिला वाटलं पाहिजे. मला कळलं होतं, हे तिला कळता कामा नये. एवढंच मागतो. दोन वाक्यं आहेत फक्त, मी सांगतो काय बोलायचं ते, तुम्हाला वर्गात शंभर पोरांसमोर बोलायची सवय आहे —

नाही? का नाही? तुमचं काय जातंय? — हो, मान्य आहे, माझी बायको आहे. मान्य आहे. मीच सांगायला हवं, हे काय मला कळत नाही? किती वेळा घोकलंय मी. 'हे बघ, गोळ्या अजून थोडे दिवस' — किती थोडे? लगेच विचारेल, तिला हिशेब लागतो प्रत्येक गोष्टीचा. 'डॉक्टरांनी कोर्स वाढवलाय' — का वाढवला? गुण आला ना? मग काय सांगू? 'खबरदारी म्हणून' — हे चालेल, हे महिनाभर चालेल, पुढच्या महिन्यात दुसरं काही काढीन, त्याच्या पुढच्या महिन्यात आणखी. पण मग ती दर महिन्याला त्या काठाकडे बघत गिळत राहणार, आणि मी दर महिन्याला काठ थोडा मागे सरकवणार, आणि एक दिवस — मी तिला फसवत राहीन आणि ती जाईल, सर. तयारी न करता जाईल. बहिणीला भेटायचं ठेवलंय तिनं, 'पूर्ण बरी झाले की जाईन, अशी सोललेली कशाला जाऊ' म्हणते. कधी जाणार ती? माझ्या एका शब्दापायी तिचं सगळं पुढे ढकललेलं आहे. मला भीती वाटते हो. ती मरेल याची वाटतेच, रात्री उठून श्वास बघतो मी तिचा. पण त्याहून जास्त कसली वाटते सांगू? तिला कळेल तेव्हा ती माझ्याकडे कशी बघेल, त्याची. माझ्या ओठांवर विश्वास ठेवून बसली होती ती.

ती बघा आली. रस्त्यापलीकडे, ती — तुम्हाला नाही दिसणार, थांबा, काढतो मी फ्रेम. पावलं बघा कशी टाकते. पायात मऊ चपला घालून आलीये, तळवे अजून — आणि हसतेय. चपलांच्या दुकानवाल्याशी बोलतेय, त्याला सांगतेय बहुतेक. सांगतेय हो! हात हलवून सांगतेय! आता तो आख्ख्या गल्लीला सांगणार. सर, जाऊ नका. दोन मिनिटं बसा. काही बोलू नका हवं तर, नुसते बसा, मला एकट्याला नाही —

ये. ये गं. सावकाश, पायरी आहे. हो, सर आलेत, नंबर काढत होतो. वाढलाय थोडा. हो ना, मी तेच म्हटलं, वयाप्रमाणे आहे. तू दमलीस का? नाही, मला काय झालंय, मी ठीक आहे. घाम? उकडतंय जरा. काय? सगळी टाकलीस? रिकामी पाकिटं, डबी, सगळं? बरं केलंस. नाही, म्हणजे — तिथं नको बसूस. खुर्ची पुसलीये, बस नंतर, आधी इथं बस, माझ्यासमोर. सर आहेत तर असू देत, ते आपलेच आहेत. पर्स ठेव खाली. हात दे.

ऐक. गोळ्या संपलेल्या नाहीत. कोर्स नव्हताच तो. डॉक्टर म्हणाल्या होत्या की — नाही, थांब, इंग्रजीत नको, इंग्रजी राहू दे. ते पोटातलं आहे ना, ते आटोक्यात राहतं. जात नाही. आटोक्यात राहतं, गोळ्या घेतल्या तर, जितके दिवस राहील तितके दिवस. कळलं? आटोक्यात. एवढा साधा शब्द होता गं, आपला, रोजचा, आणि मी तो तुला दिला नाही.

नाही. नाही होणार बरी. मी आहे. मी कुठं जात नाही. नाही, माझी ऐकण्यात चूक नाही झाली. डॉक्टरांनी नीट सांगितलं होतं. दोनदा सांगितलं होतं.

पहिल्या दिवसापासून.

अगं, ओरड. ओरड माझ्यावर. हात नको काढूस — बरं, काढ. काढ.

सर, तुम्ही निघा आता. दार ओढून घ्या.